पाणीबचतीचा अर्धाच धडा

शाळाशाळांतून मुलांना पाणीबचतीचे पाठ दिले जातात : दात घासताना नळ बंद ठेवा, पेल्यातले पाणी ओतून देऊ नका. सवय चांगली आहे. तिला विरोध असण्याचे कारण नाही. परंतु हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीला काटकसर ती कोणती शिकवणार?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षीच्या गाळप हंगामात मराठवाड्यातील साखर कारखाने मात्र चालूच होते. राज्यातील लागवडीच्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा घेतो. हे आकडे वर्गातील फळ्यावर आलेच पाहिजेत. टंचाईचा दोष मुलांच्या पेल्यावर ढकलला की वाटपाचा प्रश्न आपसूक झाकला जातो, आणि बागायतदार सत्ताधाऱ्यांना तेच सोयीचे असते.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने घरातील माणसांच्या संख्येवर पाणी वाटले, भूमिहीनांनाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य ठरविला. समतेचा हा प्रयोग मुलांना शिकवावा. त्यांनी नळ जरूर बंद करावा. पण धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जाते, हा प्रश्नही निर्भयपणे विचारावा.