प्रवेश मिळाला, पंगतीचे काय?

यवतमाळ : पावसाळा सुरू झाला की जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या फलकांवर प्रवेशाच्या याद्या झळकतात. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांसाठी यादीतले ते एक नाव म्हणजे दोन पिढ्यांच्या कष्टांचे फळ असते. शासनाच्या दृष्टीनेही तेथे काम संपते. जागा भरली, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे गेला, अनुशेष कमी झाला. विद्यार्थ्याची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. वर्गात बसायला मिळाले, पण कोणाच्या शेजारी? खोली मिळाली, पण कोणाबरोबर? प्रवेश देणे कायद्याच्या हाती आहे. आपल्यात घेणे मात्र अजूनही 'ग्रुप'च्या मर्जीवर अवलंबून आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयांत त्याचे प्रतिबिंब काही प्रमाणात दिसते. अभियांत्रिकी, वैद्यकीय वा औषधनिर्माणशास्त्र या अभ्यासक्रमांत मात्र चित्र पालटते. राज्यात अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे साठ जणांच्या वर्गात चार विद्यार्थी. प्रात्यक्षिकासाठी वर्गाच्या तीन तुकड्या पडल्या की एकेका तुकडीत एखाद-दुसरा. त्यात तो कोलाम असेल तर एकटेपण दुहेरी असते. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरविलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी कोलाम ही एक आहे. पोडावर कोलामी बोलत वाढलेला हा मुलगा गोंड, परधान वा अन्य आदिवासी सहाध्यायांमध्येही अल्पसंख्यच ठरतो.

ग्रुप म्हणजे केवळ मैत्री नव्हे

महाविद्यालयातील ग्रुप ही वरवर निरुपद्रवी बाब वाटते. चार मित्र एकत्र डबा खातात, वाढदिवस साजरे करतात, स्नेहसंमेलनात नाटक बसवतात. त्यात कोणी आक्षेप घ्यावा असे काही नाही. तथापि, याच ग्रुपमधून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका फिरतात, नोट्स मिळतात, तोंडी परीक्षेला कोणते प्रश्न येतात हे कळते, भाड्याच्या खोलीत जागा होते आणि पुढे नोकरीची खबरही लागते. ग्रुपबाहेर राहणाऱ्याचे नुकसान त्यामुळे केवळ भावनिक नसते. ते गुणपत्रिकेत उतरते.

जात विचारण्याची पद्धतही आता बदलली आहे. थेट प्रश्न क्वचितच येतो. 'सीईटीला स्कोअर किती?', 'कितव्या राऊंडला नंबर लागला?' एवढे विचारले की पुरे होते. आडनावावरून अंदाज बांधला जातो आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना तो पक्का होतो. यानंतर कोणी अपशब्द उच्चारतोच असे नाही. फक्त पुढच्या रविवारी सहलीला जाताना निरोप यायचा राहून जातो.

ज्याला ग्रुपमध्ये घेतले जाते, त्याचीही सुटका नसते. 'तू त्यांच्यासारखा वाटत नाहीस' हे वाक्य कौतुक म्हणून ऐकवले जाते. 'कोट्या'वर विनोद झाला की त्यालाही हसावे लागते; न हसल्यास तो 'मनाला लावून घेणारा' ठरतो. सदस्यत्व टिकवायचे तर आपल्या पोडाबद्दल, भाषेबद्दल, घरच्या जेवणाबद्दल मौन पाळायचे, असा हा अलिखित करार असतो. बहुसंख्यांपैकी कोणालाही असा करार करावा लागत नाही.

अलाबामाची पन्नास वर्षे

हा अनुभव केवळ भारताचा नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थी मंडळे असतात. मुलांच्या मंडळांना 'फ्रॅटर्निटी', तर मुलींच्या मंडळांना 'सोरॉरिटी' म्हणतात. त्यांचे सदस्यत्व म्हणजे राहण्याची सोय, ओळखी आणि पुढील आयुष्यातील पाठबळ. गोऱ्यांच्या मंडळांची दारे बंद असल्याने १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 'अल्फा फाय अल्फा' हे स्वतःचे मंडळ उभारले. अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीयांचा प्रवेश १९६३ साली कायम झाला. परंतु तेथील गोऱ्या मुलींच्या मंडळांनी केवळ वर्णामुळे गुणवान विद्यार्थिनीला नाकारल्याचे वृत्त विद्यार्थ्यांच्याच दैनिकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर विद्यापीठाच्या आवारात मोर्चा निघाला आणि त्यानंतर ती दारे उघडली. प्रवेश आणि सदस्यत्व यांच्यात तब्बल पन्नास वर्षांचे अंतर पडले होते.

याच अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर दाखल झाले. तेथील लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जुळली. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा याच मित्राने त्यांना कर्जाऊ रक्कम दिली. वसतिगृहातल्या सोबतीचे मोल काय असते, याचा यापेक्षा बोलका दाखला शोधण्याची गरज नाही. आपल्याकडचा आदिवासी विद्यार्थी नेमक्या याच सोबतीला मुकतो.

नियमांची मर्यादा

नियम नाहीत असे नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातील अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीतील 'एम्स'मधील भेदभावाचा अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर कसे एकवटले जातात, हे त्यातून देशासमोर आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेचे विनियम लागू करून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. तरीही २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि तीन डॉक्टरांविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले. तिची आई आणि रोहित वेमुलाची आई यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आयोगाने जानेवारी २०२६ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले. त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली.

या वादात दोन्ही बाजूंचा भर तक्रारीवर आहे. तक्रार कोणी करावी, खोटी निघाल्यास काय, समितीत कोण असावे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु निरोप न येण्याची तक्रार कोणत्या अर्जात लिहायची? आणि लिहिलीच, तर तुकडीतील उरलेले अठरा-एकोणीस जण दुसऱ्या दिवशी कसे वागतील?

एकत्र जेवणाचा प्रश्न

एकत्र येण्याच्या जागाही आक्रसत आहेत. शहरांतील शासकीय आदिवासी वसतिगृहांची भोजनगृहे बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी त्या वर्षी जुलैत पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांचा मुद्दा केवळ रकमेचा नव्हता. परक्या शहरात आपल्या माणसांबरोबर बसण्याची एकमेव जागाही त्यात जात होती. दुसरीकडे, पवईच्या आयआयटीत २०२३ साली भोजनगृहातील काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. पंगतीचा प्रश्न आजही संपलेला नाही, हाच त्याचा अर्थ.

मैत्री सक्तीने होत नाही, हा युक्तिवाद खराच आहे. आदिवासी विद्यार्थ्यांची स्वतंत्र वसतिगृहेही आवश्यक आहेत. एकटे पडलेल्यांना आधार लागतो. मात्र खोलीत कोण राहील, प्रात्यक्षिकात जोडीदार कोण असेल, प्रकल्पाच्या गटात कोण येईल, हे ठरवणे सर्वस्वी महाविद्यालयाच्या अधिकारात आहे. पहिल्याच आठवड्यात या याद्या चिठ्ठ्या टाकून केल्या, प्रत्येक गटाला एक शिक्षक जबाबदार धरला आणि शिष्यवृत्तीचे अर्ज चारचौघांत नव्हे तर कार्यालयात स्वतंत्रपणे भरून घेतले, तर त्यासाठी ना निधी लागतो, ना नवा कायदा.

डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या आदिवासी विकास खात्याची सूत्रे याच जिल्ह्यातील राळेगावचे आमदार डॉ. अशोक उईके यांच्याकडे आली. साहजिकच येथील पालकांच्या अपेक्षा वाढल्या. भरलेल्या जागांचा हिशेब खाते दरवर्षी मांडतेच. त्या जागांवर बसलेल्यांपैकी किती जण अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून पोडावर परतले आणि का, याचाही हिशेब आता मागितला गेला पाहिजे.