खोक्यावरची किंमत आणि खोक्याबाहेरचा खर्च

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराला, आणि त्याहूनही अधिक त्याच्याकडील कामगाराला, सुट्या भागांचे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. आसपासच्या मोठ्या मोटार कारखान्यांना लागणारे प्लॅस्टिकचे, रबराचे, पत्र्याचे भाग त्याच्याच हातून घडतात. वाहन एकदाच विकले जाते. त्याचे भाग ते भंगारात जाईपर्यंत विकले जातात. त्या भागांच्या विक्रीची वाट ज्याने अडवली, त्याने वाहनधारकाची मानच हाती घेतली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देण्याच्या व्यवहाराबद्दलच. त्या चौदांत टाटा मोटर्स, महिंद्र, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ होत्या. म्हणजे पिंपरी-चाकणच्या रहिवाशांना रोज दिसणाऱ्याच पाट्या. दंडावर पुढे अपिले झाली. पण व्यवहाराचे स्वरूप उघड झाले, ते कायमचे.

हेच अर्थशास्त्र आता मुलांच्या खेळण्याच्या रूपाने घरात शिरले आहे. दूरचित्रवाणीला जोडावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राकडे कार्यकर्ते सहसा वळूनही पाहत नाहीत. मध्यमवर्गाची चैन म्हणून तो विषय बाजूला सारला जातो. ही समजूत जुनी झाली. दोन्ही पालक पाळ्यांत अडकलेले, इमारतीखालचे मोकळे अंगण दुचाक्यांनी व्यापलेले, आणि पोर घरात सुरक्षित राहावे ही आईची रास्त इच्छा, अशा परिस्थितीत हप्त्यावर मिळणारे यंत्र कामगाराच्या घरीही येऊ शकते. ते आले की हिशेब सुरू होतो.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आले. तबकडी चालवणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. खोक्यात हाताळणीचा कंट्रोलर (मुलांच्या भाषेत जॉयस्टिक) एकच. घरात भावंडे दोन असतील तर दुसऱ्यासाठी ५,९९० रुपये. त्या वेळी एखाद्या मोठ्या खेळाची तबकडी ४,९९९ रुपयांना होती. बेरीज झाली ६०,९७९. कंपनीचाच कर्णसंच घेतला तर आणखी ८,५९० रुपये, म्हणजे एकूण ६९,५६९. खोक्यावरच्या किमतीहून हा आकडा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी अधिक आहे, आणि त्यात इंटरनेटवर इतरांबरोबर खेळण्यासाठी बहुतेक विकत घेतलेल्या खेळांना लागणारी वर्गणी धरलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मूळ यंत्राचीच किंमत ५४,९९० झाली, ते वेगळेच.

कर्णसंच घ्या अशी सक्ती कोण करतो, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो सर्वस्वी खोटा नाही. कर्णसंचावाचून खेळता येते, यंत्रात एक खेळ आधीपासून भरलेलाही असतो. परंतु दोन मुलांच्या घरात एकच जॉयस्टिक देणे आणि दुसरी दुकानात टांगून ठेवणे याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे ही शुद्ध थट्टा आहे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राला दोन कंट्रोलर जोडूनच येत. १९९० च्या दशकात आपल्याकडे त्याच्या नकलांवर एक पिढी खेळली. तंत्र पुढे गेले आणि खोक्यातील वस्तू कमी झाल्या, हा प्रवास उगाच घडलेला नाही. २०२० च्या मूळ यंत्राबरोबर ते उभे करण्याचा पाया मिळत असे. २०२३ च्या बारीक आवृत्तीत तो वेगळा विकावयास निघाला.

अर्थशास्त्रात यांना पूरक वस्तू म्हणतात. मुख्य वस्तू खर्चाच्या आसपास, प्रसंगी तोट्यातही विकायची आणि नफा पूरक वस्तूंतून काढायचा, ही रीत जुनी आहे. आय.बी.एम. कंपनी आपली गणनयंत्रे भाड्याने देताना त्यांत आपलीच छिद्रकार्डे वापरण्याची अट घालीत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली ती बेकायदा ठरवली. आज अशी अट करारात लिहिण्याची गरज उरलेली नाही. ती यंत्राच्या आज्ञावलीतच बसवता येते. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये सोनीला सुमारे १ कोटी ३५ लाख युरोंचा दंड केला, तो यासाठीच. नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात प्लेस्टेशन ४ च्या आज्ञावलीत बदल होताच परवाना नसलेल्या उत्पादकांचे कंट्रोलर तुटून पडत. नकली मालाला आळा घालण्यासाठी हे केल्याचा कंपनीचा बचाव होता. पण नकली आणि केवळ परवाना नसलेला माल यांना एकाच काठीने झोडपणे प्राधिकरणाला मान्य झाले नाही. शिवाय परवाना कोणत्या निकषावर मिळतो हेही कंपनी स्पष्ट सांगत नव्हती. ज्या ग्राहकाचा कंट्रोलर मध्येच बंद पडला त्याने अर्थातच निकृष्ट मालाला दोष दिला असणार.

खरा छुपा खर्च झिजेचा आहे. कंट्रोलरवरील दांडी सामान्यतः एका घासणाऱ्या विद्युतरोधकावर चालते. तो झिजला की बोट न लावता पडद्यावरील आकृती आपोआप सरकू लागते. भाग अल्प किमतीचा, परंतु तो पट्टीवर डाखलेला असल्याने बहुतेक घरांत अख्खा कंट्रोलरच बदलला जातो. न घासता चुंबकीय पद्धतीने चालणारा हॉल संवेदक भोसरी-चाकणच्या कारागिराला अपरिचित नाही. विजेवरच्या दुचाकीच्या मुठीत तो असतो. दांडीचा भाग हाताने काढून बदलता येईल अशी रचनाही अशक्य नाही. सोनीने ती केली, पण भारतात एकोणीस हजारांच्या घरात किंमत असलेल्या कंट्रोलरमध्ये. स्वस्त वस्तू दुरुस्त होऊ नये आणि महाग वस्तू व्हावी, ही निवड तंत्रज्ञानाने केलेली नाही.

तबकडीविना चालणारे यंत्र २०२१ मध्ये दहा हजारांनी स्वस्त होते. गरीब ग्राहक तिकडेच वळणार. त्या यंत्रात शेजाऱ्याकडून मागून आणलेली तबकडी चालत नाही, जुन्या बाजारातील चालत नाही, खेळून झालेला खेळ विकताही येत नाही. प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून, तिच्याच भावाने. वाचलेले दहा हजार दोन-तीन खेळांत परत जातात. वस्त्यांमध्ये वस्तू उसन्या देण्याघेण्याची जी अलिखित सहकारी व्यवस्था असते, तिलाच येथे छेद दिला जातो.

हे सारे हप्त्यावर. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावले होते. डिसेंबर २०१८ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने या यंत्रांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. सवलतीस हरकत नाही, पण तिच्याबरोबर ग्राहकाच्या बाजूने एकही अट घातली गेली नाही, याचा जाब कोणीच विचारला नाही.

पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्यापुढे धान्य, तेल, भेसळ आणि मापातली लबाडी हे प्रश्न होते. आजची लबाडी मापात नसून खोक्याच्या व्याख्येत आहे. या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी तो विषय कामगार संघटनांच्या सभांत न्यावा. कामगार कल्याण केंद्रांमध्ये दोन यंत्रे आणि आठ कंट्रोलर ठेवता येणार नाहीत काय? कॅरम आणि वाचनालय ठेवता येते, तर यात अडचण कोणती? तासावर पैसे घेणाऱ्या खाजगी दुकानांत पोरे आजही जातातच.

कायद्याच्या बाजूने मागणी अवघड नाही. युरोपीय संघाने २०२२ मध्ये समान चार्जरचा कायदा केला आणि डिसेंबर २०२४ पासून हातातील व्हिडिओ गेम यंत्रांनाही तो लागू झाला. दूरचित्रवाणीला जोडायची यंत्रे त्यातून सुटली. आपल्याकडे २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार खोक्यावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. त्याच चौकटीत, दोघांना खेळण्यासाठी आणखी काय लागेल, त्याची किंमत किती आणि कोणता भाग सुटा मिळतो, या तीन ओळी वाढवाव्या लागतील. हे नियम वैधमापन कायद्याखाली केंद्र सरकारच करते, आणि त्यांत दुरुस्ती करण्यासाठी संसदेत नवे विधेयक आणावे लागत नाही, अधिसूचना पुरते.