लोहाच्या गोळीबरोबर शिशाचीही तपासणी हवी

दल्ली-राजहराचे खनिज भिलाईच्या भट्ट्यांत वितळवणाऱ्या आणि रायपूरनजीकच्या उरला-सिलतरा येथून स्पंज आयर्न व सळया देशभर रवाना करणाऱ्या छत्तीसगडात, पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सुमारे 67 बालके रक्तक्षयग्रस्त असल्याची नोंद 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने केली. रक्तक्षयावर उतारा म्हणून सरकार लोहाच्या गोळ्या व लोहयुक्त तांदूळ वाटते, हे उचितच आहे. तथापि उद्योगांच्या परिसरात शिशाची तपासणी केल्याखेरीज हा उपचार पुरा झाला असे मानता येणार नाही.

हिमोग्लोबिनमधील हीम या घटकाच्या घडणीत अखेरच्या पायरीवर फेरोकिलेटेज नावाचे विकर लोहाचा अणू प्रोटोपॉर्फिरिनच्या वलयात बसवते. शिसे या कार्यास अटकाव करते, लोहाच्या त्या जागी जस्त जाऊन बसते, आणि कोठारात धान्य असूनही घरात उपासमार व्हावी तद्वत अस्थिमज्जेतील पेशींत लोह साचूनही रक्त निस्तेज राहते. उलटपक्षी, आहारातील लोह कमी पडले म्हणजे आतडे अन्नातून शिसे अधिक शोषून घेते. म्हणजेच कुपोषित बालकाला शिशाचा धोका सर्वाधिक. आणि रक्तातील शिसे काही आठवड्यांत ओसरले, तरी हाडांत ते दशकानुदशके मुक्काम करते.

या संकटाची आगाऊ वर्दी जनावरे देऊ शकतात. धुराड्यांच्या छायेतील गवत चरणाऱ्या आणि टाकून दिलेल्या बॅटऱ्या व रंगाचे पोपडे चाटणाऱ्या गुरांच्या यकृत-मूत्रपिंडांत शिसे साठते, दुधातही उतरते. यास्तव पशुसंवर्धन खात्याने उरला-सिलतरा परिघातील गाई-शेळ्यांचे रक्त नियमित तपासावे, पर्यावरण संरक्षण मंडळाने तेथील माती व धूळ तपासावी, आणि जेथे शिसे आढळेल तेथील बालकांची चाचणी आरोग्य खात्याने विनाविलंब करावी. दर डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच सांगितले आहे.

अशा तपासणीने उद्योगांची नाहक बदनामी होईल, हा आक्षेप टिकणारा नाही. निर्दोष कारखान्यास मोजमापाइतका विश्वसनीय साक्षीदार दुसरा कोण मिळणार? 2000 साली पेट्रोलमधील शिसे हद्दपार करताना सरकारने जो निर्धार दाखवला, त्याचा काही अंश येथे दाखवला आणि तिन्ही खात्यांची दप्तरे जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर एकत्र आली, तरी कोणत्या बालकाला केवळ गोळी पुरेल आणि कोणाला आधी शिशापासून दूर न्यावे लागेल, याचा निवाडा अंदाजावर सोपवावा लागणार नाही.