धुळीचा हिशेब कोणी चुकवायचा?

सिलिकोसिसला दैव म्हणणे ही मालकवर्गाची सोय आहे. गोध्र्यातील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत राबून मध्य प्रदेशातील आदिवासी मजूर मेले. त्यांपैकी २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये गुजरात सरकारला दिला. म्हणजे नफा मालकाचा, भरपाई जनतेच्या तिजोरीतून!

हा रोग बरा होत नाही; परंतु पाणी मारून व धूळ शोषणारी यंत्रे बसवून तो टाळता येतो. मालकाने वाचवलेला तो खर्च नाहीसा होत नाही, मजुराच्या फुप्फुसात साठतो. त्यावर क्षयाचा शिक्का बसला की मालक सुटतो. म्हणूनच हजेरीची नोंद आणि छातीची तपासणी, या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी लढा उभारला पाहिजे. पुराव्यावाचून मेलेल्या मजुराला न्याय मिळत नाही.