देहूरोडहून देहूला



आम्ही राहतो संत तुकारामनगरात. रेशनकार्डावर तुकाराम, मुलांच्या दाखल्यावर तुकाराम आणि आता मेट्रोच्या स्टेशनवरही तुकाराम. पण तुकोबांचे देहू आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. दरवर्षी २५ डिसेंबरला आम्ही देहूरोडला जातो, वंदना घेतो, स्टॉलवरची चार पुस्तके विकत घेतो आणि लोकलने परततो. तिथून देहू पाच-सहा किलोमीटरवर. पाऊल मात्र तिकडे कधी वळले नाही.

परवा विहारातल्या रविवारच्या बैठकीत देहूला सहल न्यावी असा विषय निघाला आणि चांगलाच वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. आता पुन्हा देवळाच्या दारात कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वारीच्या वाटेवर आपली माणसेही पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि पंढरपूरला पोचून बाहेरच उभी राहिली. विठ्ठलाचे दार उघडले ते १९४७ साली, तेही साने गुरुजींनी उपोषणाला बसून प्राण पणाला लावले तेव्हा. हे विसरून वारीचे गोडवे गाणे आपल्याला शोभणार नाही.

पण दुसरी बाजूही होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याच्या शिरोभागी बाबासाहेबांनी तुकोबांचाच अभंग छापला. मुक्यांची बाजू मांडणाऱ्या पत्राला त्यांना तुकोबांचा शब्द जवळचा वाटला. मग त्यांचे गाव पाहायला हरकत कसली? शेवटी ठरले, नवसाला नाही, अभ्यासाला जायचे. "पोरांना भलतंसलतं सांगाल, म्हणून येतो," असे म्हणत ते ज्येष्ठ कार्यकर्तेही निघाले.

पिंपरीहून सकाळची लोणावळा लोकल धरली. बायका, मुले आणि ऐंशी ओलांडलेल्या एक आजी धरून आम्ही सोळा जण होतो. भाकरी, पिठले, ठेचा बरोबर.

प्रथम देहूरोडचे बुद्धविहार. धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी इथे स्वतः बसवली. जुनी माणसे सांगतात, आपल्या लोकांनी इथे बांधायला घेतले होते ते चोखोबाचे देऊळ. बाबासाहेबांनी तिथे तथागताची स्थापना केली. रस्ता तोच, पालखीचा. त्या रस्त्याच्या कडेला आपल्या माणसांनी वळण घेतले ते इथे.

तिथून रिक्षाने देहू. मुलांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली कर्जखतांची. तुकोबांच्या घरी दुकानदारी आणि सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याची कर्जखते दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. आमचे निम्मे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. येणे बाकी असताना खत फाडणे म्हणजे काय, ते आम्हांला कळते. लग्न, आजारपण, शाळेची फी यांसाठी काढलेल्या खासगी कर्जाने आपल्या वस्तीतली घरे कशी पोखरली जातात, तेही रोज पाहतो. ही गोष्ट ऐकताना बायका गप्प झाल्या, त्या उगीच नव्हेत.

दुसरी गोष्ट अभंगांची. शूद्राला वेदाचा अर्थ सांगण्याचा अधिकार नाही, म्हणून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे सांगतात. आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारले, "तेरा दिवस पाण्यात कागद टिकेल का?" आम्हांला आनंद झाला. आम्ही म्हणालो, कागद टिकत नाही, माणसे टिकवतात. अभंग लोकांना तोंडपाठ होते. शिवाय ते उतरवून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे होते, जातीने तेली. आज गाथा मंदिराच्या भिंतींवर चार हजारांहून अधिक अभंग कोरलेले आहेत. त्या मुलीने त्यातले चार-पाच मोठ्याने वाचून दाखवले.

दुपारी घाटावर भाकरी सोडल्या. जेवण झाल्यावर आजींनी नदीकडे तोंड करून हात जोडले. आमच्यातला एक तरुण जरा चिडूनच म्हणाला, "आजी, कुणाला हात जोडताय?"

"देवाला न्हाई रे बाबा," आजी म्हणाल्या. "माझ्या बापाला. त्यो ह्याच वाटेनं पंढरीला जायचा. समदे आत जायाचे, त्यो चोखोबाच्या समाधीपाशी बसून ऱ्हायाचा. छप्पन साली दीक्षा घेतली आन्‌ गळ्यातली माळ नदीत सोडली. पुन्यांदा कदी गेला न्हाई. पर वाटंतली गावं त्याला मरंस्तवर पाठ व्हती. लोणी, यवत, बारामती... रातच्याला मला सांगायचा."

कोणी काही बोलले नाही. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आजींना हात देऊन उठवले.

परतीच्या गाडीत आमच्या मनात एकच विचार होता. देहूहून पालखीची प्रथा १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी सुरू केली, हे पुस्तकात आहे. आजींचा बाप किती वर्षे चालला, कुठे जेवला, कुठे त्याला अडवले, माळ सोडताना काय म्हणाला, हे कोणत्या पुस्तकात आहे? आजी आहेत तोवर आहे. आपल्या घराघरांत असे एक तरी माणूस आहे. त्यांनी चाललेली वाट त्यांच्याबरोबर जाईल, आणि ती वर काढायला कोणी संताजी येणार नाही. तो आपल्यालाच व्हायचे आहे.

म्हणून बंधु-भगिनींनो, एक विनंती. या रविवारी शंभर पानी वही आणा. मुलाच्या हाती पेन द्या आणि त्याला आजी-आजोबांच्या शेजारी बसवा. ते सांगतील ते, त्यांच्याच बोलीत, तारखेसह उतरवून घ्या. शुद्धलेखन नंतर पाहता येईल.

आमच्या वहीचे पहिले पान आजींनी भरले आहे. लिहून घेतले त्या आठवीतल्या मुलीने.