यंत्रमानव आणि बिनतारी सल्ला

शाळकरी मुलांच्या यंत्रमानव स्पर्धांचे नियम चाळताना एका निर्बंधाचे प्रथमदर्शनी नवल वाटते. डीन केमेन यांनी अमेरिकेत १९८९ साली स्थापिलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या प्रमुख स्पर्धेत संघांना वॉकी-टॉकी वापरण्यास बंदी आहे, स्वतःचे वाय-फाय जाळे उभारण्यास मनाई आहे आणि सामना चालू असता मैदानालगतच्या चमूला बाहेरील कोणाशीही बिनतारी संपर्क ठेवता येत नाही. ‘व्हेक्स’ स्पर्धांतही सामन्याच्या वेळी असाच निर्बंध असतो. विज्ञानाच्या उत्सवात विज्ञानाच्याच साधनांना मज्जाव, हा विरोधाभास नव्हे काय? मुंबईची मुलेही या स्पर्धांत उतरत असल्याने हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

हा विरोधाभास वरवरचा आहे. ‘फर्स्ट’च्या एका सामन्यात तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या, म्हणजे सहा यंत्रमानव, एकाच वेळी धावतात आणि त्यांना आज्ञा पोचतात त्या बिनतारी लहरींवरून. हा मार्ग सर्वांचा सामाईक आहे. त्यावर कोणी आगंतुकाने गर्दी केली, तर कित्येक आठवडे खपून मुलांनी उभारलेले यंत्र जागीच निश्चल व्हावयाचे. ही भीती काल्पनिक नाही. २०१२ साली सेंट लुईस येथील अखेरच्या सामन्यांत यंत्रमानवांचा संपर्क वारंवार तुटला. त्याच वर्षीच्या जुलैमधील चौकशी-अहवालाने काही तांत्रिक दोष दाखविले. परंतु एका व्यक्तीने मोबाइलच्या साहाय्याने हेतुपुरस्सर व्यत्यय आणल्याचेही त्यात निष्पन्न झाले.

तथापि तांत्रिक कारणाहून शैक्षणिक कारण आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ‘व्हेक्स’मध्ये यंत्र चालविणाऱ्या चमूत केवळ विद्यार्थीच असतात. ‘फर्स्ट’मध्ये प्रौढ मार्गदर्शक शेजारी उभा राहू शकतो; पण तो उघडपणे, सर्वांच्या देखत. प्रेक्षकांत बसलेला वडीलधारा मुलाच्या कानात गुपचूप हुकूम सोडू लागला, तर मैदानावर एका संघाचे दोन यंत्रमानव होतील: एक धातूचा आणि दुसरा हाडामांसाचा! दोन-अडीच मिनिटांच्या सामन्यात स्वतः निर्णय घेणे आणि तो चुकल्यास निस्तरणे, हेच तर तेथे शिकावयाचे असते.

निर्बंधाने बुद्धी खुंटते, असेही नाही. जाळे नाही म्हणून प्रतिस्पर्ध्यांविषयीची टिपणे क्यूआर संकेतांच्या द्वारे एका पडद्यावरून दुसऱ्यावर उतरविण्याची युक्ती मुलांनीच रूढ केली आहे.

मात्र नियम आंधळा नसावा. श्रवणयंत्रासारख्या वैद्यकीय साधनांना मुभा असलीच पाहिजे. शिवाय आपल्याकडील आयोजकांनी असा नियम करताना त्यामागील कारणही मुलांना सांगावे. धाकाने पाळलेला नियम पंचाची पाठ वळताच मोडतो. पटलेला नियम मुले स्वतःच राखतात. आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की, त्या दोन-अडीच मिनिटांपुरते त्यांनी मौन पाळावे.