माळावरचा मुक्काम

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी जाऊ लागला, की शहरातल्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो – सुट्टीचे उरलेले चार दिवस काढायचे कुठे? कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी कोकण. यंदा मी ‘मोहोळ’ म्हटले, तेव्हा मंडळींनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी पंचांगात नसलेला सण सुचवला होता! मोहोळला आहे तरी काय? नागनाथाचे देऊळ आहे, रेल्वेचे स्टेशन आहे, पुणे-सोलापूर महामार्ग आहे. आणि गावापलीकडे, उसाची आणि ज्वारीची शेते संपली की माळ आहे. मला हवा होता तो हा माळ.

हल्ली तंबूत राहण्याची हौस भलतीच वाढली आहे. धरणांच्या काठी रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा लागतात. तिथे जागा मालकाची, ताट मालकाचे आणि रात्रभर कर्ण्यातून ऐकू येणाऱ्या गाण्यांची निवडही मालकाचीच. याला रानात राहणे म्हणावे, तर लग्नाच्या मांडवाला अरण्य म्हणायला हरकत नाही. रानात राहायचे, तर रान सर्वांचे हवे आणि त्याची रीत आपण पाळायला हवी.

अमेरिकेच्या पश्चिमेला यूटा-ॲरिझोनाकडे नद्यांनी लाल खडकांतून खोल दऱ्या कोरल्या आहेत. मुलूख वाळवंटी, आणि त्यातली पुष्कळशी जमीन सरकारची. तिच्या बऱ्याच भागात कोणीही जावे, तंबू ठोकावा आणि साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत फुकट राहावे, अशी मुभा आहे. अट एवढीच, की नेलेले सारे परत आणावे, आणि मातीवरच्या काळसर खपलीवर पाय देऊ नये. ती खपली सूक्ष्म जिवांनी विणलेली असते. वाऱ्यापावसात माती धरून ठेवते ती तीच. एक पाऊल पडून ती मोडली, तर सांधायला वर्षानुवर्षे लागतात.

आपल्याकडे गावोगावची गायराने आहेत, वनखात्याचे माळ आहेत. खाली काळा पाषाण, वर वीतभर मुरूम आणि त्यावर गवत. पण या जमिनीला आपण ‘पडीक’ असा एक शब्द चिकटवला, आणि जे पडीक ते कोणाचेच नाही, असे ठरवून मोकळे झालो. वास्तविक गायरानाची जमीन सरकारची आणि तिचा उपयोग गावाचा. तिथे एक रात्र काढायची, तर ग्रामपंचायतीत जाऊन रीतसर विचारावे. विचारणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही, उलट बहुधा चहा मिळतो!

माळावर मुक्काम कसा करावा, हे शिकायला अमेरिकेस जाण्याचे मुळीच कारण नाही. धनगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेच करीत आली आहेत. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर, मेंढरांभोवती जाळीचे कुंपण, आणि वर आभाळ. शेतकरी आपण होऊन त्यांना रानात मेंढरे बसवायला बोलावतात, कारण दोन रात्रींत जमिनीला खत मिळते. आपल्या सहलीने जमीन सुधारली, असे म्हणू शकणारा प्रवासी मी तरी दुसरा पाहिला नाही. मोहोळच्या बाजूला असा एक वाडा एका उंचवट्यावर उतरलेला दिसला. खाली ओढ्याच्या पात्रात मऊ वाळू होती, काठाला बाभळींचा आडोसा होता. मी म्हाताऱ्या मेंढक्याला विचारले, “मामा, एवढी आडोशाची जागा सोडून इथे वाऱ्यावर का?”

“हितं वारं लागतंय खरं,” मामा म्हणाले, “पर पानी लागत न्हाई. वड्याला पानी सांगून येत नसतंय, दादा.”

यूटाच्या दऱ्यांत जाणाऱ्यांनाही पहिला धडा हाच देतात. माथ्यावर आभाळ निरभ्र असते, पाऊस कुठेतरी दूर वरच्या अंगाला पडलेला असतो, आणि लोंढा कोरड्या पात्रातून धावत येतो. मोहोळहून सोलापूरकडे जाताना लांबोटीला जी सीना लागते, ती अहिल्यानगरच्या बाजूने येते. २०२५ च्या सप्टेंबरात तिला जो महापूर आला, त्यात लांबोटीजवळ महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली, आणि काठच्या गावांतली घरेदारे पाण्यात गेली. एरवी त्याच नदीच्या पात्रात उन्हाळ्यात मुले खेळताना दिसतात.

ओढा टाळला, तरी गवतात तंबू ठोकता येतो असे नाही. याला एका पक्ष्याचे कारण आहे. सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांना १९७२ साली नान्नजच्या माळावर माळढोक आढळला. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी हा एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे! मोहोळ तालुकाही त्यात होता. गावे, शेते, रस्ते सगळेच आत आल्यामुळे जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक बिचाऱ्या पक्ष्यावरच रागावले. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आज नान्नजला माळढोक दिसणे म्हणजे भाग्याचीच गोष्ट झाली आहे.

हा पक्षी घरटे बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि त्यावर जवळजवळ महिनाभर बसते. माणूस जवळ आला, सहलीबरोबर आलेले कुत्रे मोकळे सुटले, की ती उठते, आणि उन्हात पडलेले अंडे कावळ्याच्या नजरेस पडते. माळढोक राहिला नाही म्हणून काळजी संपली, असेही नाही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या नावाचे ससाण्यासारखे पक्षी येतात, आणि रात्री झाडावर न जाता थव्याने गवतातच निजतात. लांडगिणीची बिळेही याच दिवसांत पिलांनी भरलेली असतात. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे : अभयारण्यात दिवसा, वनखात्याची परवानगी घेऊन, ठरल्या वाटेनेच जावे, आणि रात्रीचे अंथरूण गावाच्या कडेला, नांगरलेल्या किंवा चरून मोकळ्या झालेल्या जागी घालावे. दूरून काळविटांचा कळप पाहण्यात जी मजा आहे, ती त्यांच्यामागे मोटार पिटाळण्यात नाही.

जाता जाता एक सांगितले पाहिजे. शहरातली सद्भावनेची माणसे माळावर येताना पिशव्या भरून बिया आणतात आणि मुलांकडून त्या उधळतात. कृपा करून असे करू नये. माळ म्हणजे झाडे मेलेले जंगल नव्हे. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतेच इथली वनश्री. नान्नजला पूर्वी गिरिपुष्पाची लागवड झाली, आणि चहूकडे नजर टाकल्याशिवाय स्वस्थ न बसणाऱ्या माळढोकाचा मोकळा माळ त्या झाडांनी झाकला. मग ती काढण्याची खटपट करावी लागली. कुसळे मोज्यांत घुसतात हे खरे. जाड कापडाची विजार घालावी, मोजे घरी येऊन निवडावेत.

शेकोटीचेही तसेच. वाळल्या गवताच्या माळावर ठिणगी पडली, की तासाभरात मैलभर राख होते. पण आगीवाचून मुक्काम बेचव, हेही मला मान्य आहे. त्यावरचा तोडगा या भागात फार जुना आहे : हुरडा! पौषाच्या सुमारास एखाद्या शेतकऱ्याशी बोलणे करून त्याच्या रानात उतरावे. जमिनीत खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. ज्वाला नाही, ठिणगी नाही, नुसता निखारा. त्यात कोवळी कणसे भाजायची, तळहातावर चोळायची, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम दाणे तोंडात टाकायचे. ज्या मालदांडी ३५-१ ज्वारीची भाकरी अर्धा महाराष्ट्र खातो, ती मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडली गेली, हे मुलांना तिथेच सांगावे. भूगोलाच्या तासापेक्षा ते जास्त लक्षात राहते.

ज्यांना एवढे परस्पर जमवणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला वनखात्याने गवताळ माळाची सफर सुरू केली आहे. बरोबर गावातलाच वाटाड्या असतो. आरंभ म्हणून ती उत्तम.

मोहोळकडेच जाणार असाल, तर अंधाऱ्या पंधरवड्यातली रात्र निवडा. पाणी माणशी चार लिटर तरी न्या, कारण माळावर विहीर शोधत फिरणे शहाणपणाचे नाही. सोलापुरी चादरी दोन जास्त घ्या, पहाटे थंडी चांगलीच बोचते. कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आलेला असतो, आणि मुलांना झोप अनावर होईस्तोवर मृगाचे तीन तारेही क्षितिजावर येतात. कंदील मात्र तेवढा वेळ विझवून ठेवावा लागेल.